चौथ्या गिअरमधलं रडणं

गाडीनं चौथा गिअर घेतला आणि मला रडणं ऐकू आलं. गुरी माझ्या मांडीवर होती, मूठ तोंडात, नजर खिडकीबाहेर पळणाऱ्या खांबांवर. डोळे कोरडे होते, हनुवटीवर लाळ होती. ती रडत नव्हती. तरी रडणं होतं. बारीक, लांबचं, दोन घरं सोडून कुणाचं तरी लेकरू रडावं तसं, आणि गाडीचा वेग वाढेल तसं वर वर चढणारं. एक गाणं संपलं होतं, दुसरं सुरू व्हायचं होतं, त्या मधल्या रिकाम्या जागेत ते आलं. मग दुसरं गाणं दारांतून, पायाखालून, पाठीमागून उसळलं आणि ते त्याखाली बुडालं. पण आता ते आहे हे मला माहीत झालं होतं, म्हणून बुडालेलंही ऐकू येत राहिलं. औसा रोडवर गतिरोधकापाशी गाडी मंदावली तसं ते पायरी पायरीनं खाली उतरलं आणि नाहीसं झालं. पुढे विरूपाक्ष, माझा नवरा, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसला होता, लग्नात मुंडावळ्या बांधूनही बसला नव्हता इतका ताठ. आरशातून त्यानं माझ्याकडे पाहिलं. "कसं वाटायलंय?" मी म्हणाले, "लई भारी." त्याच्या शेजारी बसलेल्या माझ्या सासूबाई, नागाबाई, म्हणाल्या, "छातीत धडधड करतंय रे बाबा. पण भारी हाय." तो हसला. ते हसू बघून मी रडण्याची गोष्ट ओढणीच्या आत घेतली, गुरीला घेते तशी.

गुरी झाल्यापासून मला रडणं कुठेही ऐकू येतं. बादलीत नळाची धार पडायला लागली की त्या धारेत ती रडत असते. नळ बंद करून धावत यावं तर झोळीत गाढ झोपलेली. मिक्सरमध्ये रडते, शेजारच्या गेटच्या बिजागरीत रडते, कुकरची शिट्टी होण्याआधी जी वाफ फुसफुसते तिच्यात रडते. बाळंतपणाला मुदखेडला माहेरी होते तेव्हा आईला सांगितलं, तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "होत राहते तसं. तुझ्या वेळेस मला रेल्वेच्या इंजनात तू रडून राहिली आसं वाटायचं." आमचं घर जंक्शनच्या अंगाला. कोणती गाडी रूळ बदलून राहिली, कोणती नुसतीच उभी आहे, हे मी लहानपणी अंथरुणातून सांगायची. बाबा पैज लावायचे आणि हरायचे. आपले कान चांगले आहेत अशी माझी लहानपणापासूनची घमेंड होती, आणि आता नेमक्या त्याच कानांवरचा माझा भरवसा उडाला होता. नसलेल्या रडण्यामागे मी इतक्यांदा धावले होते की सासूबाई दळण निवडता निवडता मान वर न करता म्हणायच्या, "बस की गं खाली, राजकन्या. कोण न्हाई रडायलं." म्हणून गाडीतलं रडणंही मी माझ्याच डोक्यातलं धरलं. डोक्यातलं रडणं गिअर बघून कसं येतं, हे मात्र मी स्वतःला विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर द्यावं लागलं असतं, आणि मग त्याच्या पुढचं उत्तरही.

कारण ती गाडी त्याची होती. घर भाड्याचं, गावाकडचं रान चुलत्यांमध्ये अडकलेलं, मिल मालकाची. पण दोन मालक बघून आमच्या दारी आलेली ही पिवळट, जुनी गाडी मात्र हाडापर्यंत त्याची. सगळा हिवाळा त्यानं ती पत्र्याच्या शेडमध्ये उघडून ठेवली होती. दारांची आतली पॅनलं काढून बाजेवर मांडली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "चांगल्या गाडीची आतडी काढलास की रे." तो म्हणाला, "परत घालतो, अव्वा." आणि त्या घालण्यात किती सावकाशी होती! मिलीत तूर वर चढवणारा रबरी पट्टा झिजला की टाकून देतात. त्याचे तुकडे त्यानं आणले, धुतले, उन्हात वाळवले आणि दारांच्या पत्र्याला आतून चिकटवले. पहिल्यांदा दार लावलं की तेलाच्या डब्याचं झाकण पडल्यासारखा आवाज यायचा. आता तिजोरी मिटल्यासारखा यायला लागला. "लावून बघ," तो मला म्हणाला. मी लावलं. "परत लाव." मी परत लावलं. गुरीला कडेवर घेऊन मी चारी दारं उघडत होते, मिटत होते, आणि तो पलीकडे उभा राहून दारावर तळहात ठेवून बघत होता. मागचा मोठा स्पीकर ज्यात बसतो ते खोकं त्यानं स्वतः कापलं, सांध्यांत भुसा आणि फेविकॉल कालवून भरलं, आणि वर माझा पाटा ठेवला; फेविकॉल वाळेपर्यंत आम्ही मिक्सरची चटणी खाल्ली. खोक्यातून कुठे हवा फुटते का हे बघायला तो उदबत्ती घेऊन बसला. आतून जाड, खोल सूर घुमतोय, आणि हा उदबत्तीचा धूर सांध्या-सांध्यावरून फिरवतोय. जिथे धूर थरथरला तिथे पेन्सिलीची खूण. सासूबाई बाहेर आल्या, पदर डोक्यावर घेतला, हात जोडले. "कोण्या देवाचं हाय रे हे?" "वाऱ्याचं, अव्वा," तो म्हणाला. मी इतकी हसले की गुरी दचकली. पण मनात मला हसू येत नव्हतं. एका धुराच्या रेघेवर एवढी नजर लावून बसलेला पुरुष मी आधी पाहिला नव्हता. माझे बाबा, माझे भाऊ, सगळे चांगले. पण कुणी काही असं बघत नसे.

एकदा त्याला विचारलं होतं, एवढं कशापायी? तो डाळमिलीत, एमआयडीसीत, मिसरूड फुटायच्या आधीपासून. मी एकदाच आत गेले होते, नवी नवरी म्हणून पेढे वाटायला. तिथला आवाज हा आवाज नव्हताच, ती एक भिंत होती. तिच्यात शिरलं की आपला श्वाससुद्धा आपला वाटत नाही. माणसं तिथे तोंडानं बोलतच नाहीत. तळहात आडवा केला की थांबव, बोटं वर नाचवली की माल वाढव, अंगठा बोटावर चोळला की तूर ओली आहे. तेच हात तो घरी आणतो. ताटावर तळहात आडवा झाला की मला कळतं, भाकरी बस. तर मी विचारलं, एवढं कशापायी, आणि तो बराच वेळ पक्कड पुसत राहिला. मग म्हणाला, "दिवसभर आवाज माझ्या उरावर बसलेला असतो बघ. एखाद्या टायमाला आपण आवाजावर बसावं की. म्हणू तवा आला पायजे, म्हणू तवा गप." त्यानंतर मी कधी विचारलं नाही. पाट्याशिवायची चटणीही मग गोड लागली.

गाडी पुरी झाली तेव्हा मिलीतली माणसं बघायला आली. पाहुण्यांनी मुलगी बघावी तशी आली. धुतलेले शर्ट, केसांना पाणी. त्यांच्यात मलप्पा मोठा, पॉलिशच्या मशीनवरचा, ज्याचं म्हणणं मिलीत शेवटचं. चौघं आत बसले, काचा वर, विरूपाक्षनं इंजिन चालू ठेवून गाणं लावलं. मटणाचा रस्सा चाखावा तसं मलप्पानं डोळे मिटून चाखलं आणि म्हणाला, "बुड एक नंबर हाय. पर वरचा आवाज दबलाय. झांजा येईनात." विरूपाक्षनं बटण फिरवलं. "आजून." फिरवलं. "आजून थोडं. आत्ता! आत्ता कसं मोकळं झालं." बाकीच्यांनी माना हलवल्या. "लई साफ हाय विरू. कायच खरखर न्हाई." मी चहाचा ट्रे घेऊन उघड्या दाराशी उभी होते, आणि त्या झांजा माझ्या कानात टाचण्यांसारख्या घुसत होत्या, दाताखाली खडा आल्यावर जसं होतं तसं माझ्या हिरड्यांना झालं. त्यात पुन्हा मधूनमधून ती बारीक धार, ते रडणं. मी बघितलं, चौघांच्या चेहऱ्यावर नुसतं सुख होतं. ही तर आवाजातच जगणारी माणसं, मी मनाशी म्हणाले. यंत्राचं बेअरिंग दुखायला लागलं की दुरून ओळखणारी. ती साफ म्हणतात तर साफच असणार. मी बाळंतीण बाई, मला नळ रडतो. "वहिनी, ऐकलाव का?" मलप्पानं ओरडून विचारलं. तो नेहमी ओरडूनच बोलतो, सगळेच बोलतात. "ऐकले," मी म्हणाले. "लई भारी."

मग निलंग्याच्या रस्त्यावर गुरी रडली. नातलगांकडे बारसं होतं. गाव सुटून रस्ता मोकळा झाला, चौथा गिअर पडला, आणि पोरीनं अंग टाकून किंकाळी फोडली. पुढे ट्रॅक्टर आला, गाडी हळू झाली, ती गप. ट्रॅक्टर मागे पडला, पुन्हा तेच. सासूबाईंनी पोचल्या पोचल्या मीठ-मोहऱ्या-मिरच्या ओवाळून टाकल्या, परत येताना चाकाखाली लिंबू ठेवलं. लिंबू चिरडून आम्ही निघालो, आणि बसस्टँड मागे पडलं तशी ती पुन्हा रडली. पण ह्या वेळी मी खिडकीबाहेर बघत नव्हते, तिच्याकडे बघत होते. रडण्याआधी, अगदी एवढंसं आधी, तिची मान वळली. काचेच्या कोपऱ्यात, जिथे त्यानं नाण्याएवढा छोटा स्पीकर बसवला होता, तिकडे. कपाळावर आठी आली, खालचा ओठ पुढे आला, मग रडणं. तिनं ऐकलं होतं. मी ऐकत होते तेच. माझ्या अंगावरून इतक्या दिवसांचं ओझं उतरलं, मी वेडी झाले नव्हते, रडणं गाडीत होतं! आणि त्या हलक्या झालेल्या अंगानं मी समोर पाहिलं, तर विरूपाक्षची मान, तिच्यावरचा घामाचा पट्टा, आणि बोटं स्टिअरिंगवर शांतपणे ताल धरत होती. मग ह्यांना कसं येईना? हा प्रश्न गाडीत माझ्या शेजारी येऊन बसला आणि घरापर्यंत उतरला नाही.

घरी आल्यावर मागच्या कितीतरी गोष्टी हळूहळू तोंड फिरवून माझ्याकडे बघायला लागल्या. ती दुपार आठवली; कूलर घरघरतोय, हा झोळीला लागून झोपलेला, आणि मी गच्चीवर शेवया वाळत घालून खाली येते तर गुरी रडून रडून उचक्या देतेय, जांभळी झालेली, ह्याचा हात तिच्या झोळीपासून वीतभर. "कान हायेत का काय हायेत?" मी हलवून उठवलं होतं. त्यानं डोळे उघडले, आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला तेव्हा नुसती झोप वाटलं होतं. तिच्या पायातल्या वाळ्यांना माझ्या आईनं मुद्दाम बारीक घुंगरं लावून आणली होती. ती रांगायला लागली की मी स्वयंपाकघरातून वळते, सासूबाईसुद्धा वळतात, हा मात्र ती पायाशी येऊन विजार ओढेपर्यंत पेपर वाचत असतो. आणि मग, सगळ्यांत आतली आठवण, जिला हात लावायचं मला धाडस होत नव्हतं. मुदखेडला तो मला बघायला आला होता तेव्हाची. आधीची स्थळं यायची, पोहे खायची, मोबाइल बघत 'शिक्षण किती' विचारायची. हा आला आणि मी बोलत होते तितका वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिला. नजर खाली नाही, इकडे-तिकडे नाही. मी डी.एड.चं सांगितलं, रेल्वेच्या आवाजाचं सांगितलं, माझ्याच बोलण्याची मला लाज वाटेपर्यंत बोलले, आणि हा माणूस शब्द झेलत असल्यासारखा बघतोय. त्याच संध्याकाळी मी आईला म्हणाले, हाच. असं कुणी माझं ऐकलंच नव्हतं. तीन वर्षं मी त्या बघण्यावर राहिले, जसं कुणी घरावर राहतं. आणि आता भाजी चिरता चिरता मला वाटायचं, ते प्रेम नव्हतंच की काय. तो नुसता ओठ वाचत होता. तो समोर येऊन "मीठ हाय का?" विचारायचा, माझ्या तोंडाकडे बघत, आणि मी तोंड फिरवून उत्तर द्यायची. तो पुन्हा विचारायचा. मी पुन्हा फिरवायची. मग तो स्वतःच डबा शोधायचा, आणि मला माझ्या मानेत दुखायचं.

सांगायचं कसं? मिलीत कळलं तर, ही एक भीती. पण खरी भीती वेगळी होती. जो माणूस धुराच्या रेघेवरून हवेची फट शोधतो, त्याला जाऊन सांगायचं की तुझ्या कामात एक रडणं राहिलं आहे, आणि ते तुला कधीच ऐकू येणार नाही. गाडी म्हणजे त्याचा एकुलता एक शब्द होता, त्यानं जगाला उद्देशून उच्चारलेला. तो चुकलाय हे मी सांगायचं!

शेवटी निकाल सासूबाईंनी दिला. रविवारी सकाळी, अंगणात, गुरीला तेल लावता लावता. "विरू, ते डबडं काढून टाक बाबा गाडीतलं. लेकराला सोसना. लिंबू झालं, मीठ झालं. त्या आवाजातच कायतरी हाय." मला वाटलं तो काहीतरी म्हणेल. मलप्पाची साक्ष काढेल, पट्ट्याचं, खोक्याचं, हिवाळ्याचं काढेल. तो उभा राहिला, गुरीकडे बघितलं, तिच्या तेलकट पायाचा अंगठा चिमटीत धरून हलवला आणि म्हणाला, "हाव. तिला नगं तर नगं." आणि पेचकस घेऊन शेडमध्ये गेला. बस, एवढंच. मी दारातून बघत होते. त्यानं मागचं दार उघडलं, खोक्याचे स्क्रू ढिले करायला लागला, आणि प्रत्येक स्क्रू काढून बाजूच्या वाटीत ठेवत होता, फेकत नव्हता. तेव्हा माझे पाय आपोआप निघाले. गुरीला तशीच तेलकट, उघडी उचलली आणि शेडमध्ये गेले. पाठमोऱ्याला म्हणाले, "थांबा." तो थांबला नाही. मी समोर गेले, गाडीच्या दिव्यापाशी, उजेडात, आणि तोंड त्याच्याकडे करून म्हणाले, "थांबा. तिला गाणं नको आसं न्हाई. गाडीत एक आवाज हाय. तिला येतो. मला बी येतो."

"कसला?"

"बारीक. इंजन वाढलं की वाढतो."

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला, तसाच, मुदखेडसारखाच. "मला कामून येईना मग?" त्यानं पेचकस खाली ठेवला. निघालेले स्क्रू परत बसवले, एक-एक. मला वाटलं तो वेळ काढतोय, पण तो वेळ काढत नव्हता, जेवायला बसण्याआधी हात धुवावेत तसं करत होता. मग म्हणाला, "मागं बस. तोंडानं सांगू नगंस, मला कळायचं न्हाई गाडी चालू आसताना. हातानं दाव. जेवढा वर जाईल तेवढा हात वर."

मी गुरीला मांडीवर घेऊन मागे बसले. त्यानं इंजिन चालू केलं, गाणं न लावता नुसती सिस्टीम चालू ठेवली आणि आरसा माझ्यावर वळवला. ॲक्सिलरेटरवर पाय. पोटाच्या उंचीवर माझा हात होता. आवाज उठला तसा मी तो उचलला. छातीपर्यंत आला, खांद्यापर्यंत. आरशात त्याची मान एका बाजूला कलली, डोळे बारीक झाले, आणि ओठांवर एक 'हां' आला. त्याला सापडला होता! पाय अजून दाबला गेला. माझा हात कानापर्यंत आला. आणि तिथे मी आरशात बघितलं की तो आवाज त्याच्या चेहऱ्यावरून निघून गेला. पाखरू फांदीवरून उडावं तसा. तो वाट बघत होता, मान आणखी कलवत होता, आणि माझा हात वरच चालला होता. कपाळ, डोकं, गाडीचं छत. गुरीनं ओठ काढला. माझी बोटं छताला टेकली. त्यानं पाय सोडला. पुन्हा दाबला. पुन्हा माझ्या कानाशी तो आवाज त्याच्यापुरता संपला आणि माझा हात पुढे एकटाच गेला. मला वाटलं, हात खाली घ्यावा, खोटं सांगावं, कानाशीच थांबवावा. पण त्याची नजर आरशातून माझ्या हाताला अशी धरून होती की मला तो खोटा करता येईना. तिसऱ्यांदा त्यानं इंजिन बंदच केलं. शेडच्या पत्र्यावर कावळा चालत होता, त्याची नखं वाजत होती. तीही बहुधा फक्त मलाच.

"हित्तोर येतंय मला," त्यानं मागे वळून स्वतःचा हात खांद्याच्या थोडा वर धरला. मग त्या हातापासून छतापर्यंतची जागा बघत राहिला. "त्याच्या वर एवढं सगळं हाय व्हय?"

"हाय," मी म्हणाले.

"गुरी रडती ती कुठं आसती?"

मी हात उचलला नाही. त्यानंच माझ्या चेहऱ्यावरून वाचलं. बराच वेळ तो तिच्या पायातल्या वाळ्याला बोटानं टिचकी मारत बसला, वाळा वाजत होता, आणि तो त्याच्याकडे असा बघत होता जसं बघूनच तो ऐकायचा आहे. मग उतरला. पुढची सीट सरकवली, आडवा पडून खाली शिरला, नुसते पाय बाहेर. जिथून स्पीकरना ताकद जाते त्या डब्याची काळी वायर त्यानं गाडीच्या पत्र्याला जिथे बसवली होती, तिथला रंग खरवडायचा राहून गेला होता. रंगावर बसलेली वायर नीट लागत नाही, मग इंजिनाची कुरकुर स्पीकरमध्ये शिरते. हे त्यानं मला खालून सांगितलं, मोठ्या आवाजात, स्वतःलाच रागावल्यासारखं. पॉलिश पेपरची खरखर कितीतरी वेळ चालली. पत्रा चांदीसारखा दिसेपर्यंत घासला असणार; त्याचं काम मला माहीत आहे. बाहेर आला तेव्हा भुवयांवर धूळ होती. "हात," तो म्हणाला. इंजिन चालू केलं, पाय दाबला, आरशात बघितलं. माझा हात मांडीवरच राहिला, गुरीच्या पोटावर. तो आणखी दाबत गेला, गाडी थरथरायला लागली. हात उचलावा असं काही उरलंच नव्हतं. मी तळहात आडवा केला, मिलीतला, बस. त्याचे खांदे खाली आले.

"आता वरचं," तो म्हणाला आणि गाणं लावलं. बटण उलटं फिरवत गेला, जरा जरा, दर वेळी आरशात गुरीचं तोंड बघत. झांजांच्या टाचण्या बोथट झाल्या, मग त्यांचे नुसते ठिपके राहिले, मग खरंच गाणं आलं. गाणाऱ्याचा श्वास आला. गुरीची मूठ तोंडात गेली. मी तळहात आडवा केला. तो थोडा वेळ ऐकत राहिला आणि हसला, "माझ्यासाठी झांजा गेल्या बघ आता. गोधडी घालून गायल्यावाणी वाटायलंय." मी म्हणाले, "थोडं वाढवा मग. तुमच्यापुरतं." "नगं," तो म्हणाला. "गाडीत मी एकलाच हाय का?" मग मला राहवलं नाही. मी पुढच्या सीटवर जाऊन बसले आणि विचारलं, बघायला आलावता तेव्हा माझ्या तोंडाकडे कामून बघत होतात? तो चक्क लाजला. "आधीच्या पोरी पुटपुटायच्या गं. मला वाटायचं, लाजायल्यात. तू बोललीस ते सगळं कळलं मला, बसल्या जागी. अव्वाला म्हणलो, हिचं बोलणं सापडतंय." पुढे म्हणाला, "लोकच हळू बोलाय लागलेत आसं वाटायचं मला." आणि मग, "मलप्पाला सांगावं लागंल." मी म्हणाले, "सांगा." "सांगतो. त्याला ऐकू गेलं तर." आम्ही दोघं हसलो, आणि हसता हसता मी त्याच्यासमोरच, उजेडातच तोंड ठेवलं. त्याला सापडावं म्हणून. इतक्या जवळून, इतकं बघून ऐकणारा माणूस. मी ह्याहून वेगळं काय मागितलं होतं?

नांदेडला कानाच्या डॉक्टरांकडे जायचं म्हणून आम्ही गेल्या आठवड्यात मुदखेडला मुक्कामी गेलो. मोकळा रस्ता लागला, चौथा गिअर पडला, एक गाणं संपलं आणि मधल्या रिकाम्या जागेत खरोखर काहीच आलं नाही. गुरी झोपली होती. पुढे त्याचा एक हात स्टिअरिंगवर, दुसरा दाराच्या पॅनलवर पालथा. तळहातानं तो ऐकत होता. सासूबाई म्हणाल्या, "लिंबू लागू पडलं बघ." दुपारी माहेरच्या मधल्या खोलीत जेवणं झाली, कूलर लागला, आणि आईजवळ आलं की जशी झोप येते तशी मला आली. जाग आली ती कशानं हे कळलं नाही. मी नेहमीसारखं आधी कान देऊन ऐकलं. कूलर, लांब रूळ बदलणारी मालगाडी. रडणं नव्हतं. डोळे उघडून बघितलं तर गुरीच्या झोळीची दोरी, जी आम्ही हलवायला धरतो, ती खाली चटईवर झोपलेल्या विरूपाक्षच्या मनगटाला बांधलेली होती, सैल, दोन वेढे. झोळीत एक पाय हलला. दोरी थरथरली, उदबत्तीच्या धुरासारखी, जराशी. आणि गुरीनं तोंड उघडायच्या आधी, माझ्या कानांना काही कळायच्या आधी, तो उठून बसला होता.